चित्र पाहून केलेली खरेदी

पूर्वी घरात मिक्सर किंवा पंखा आणावयाचा झाला, म्हणजे तो एक लहानसा सोहळाच असे. घरातील दोन-तीन माणसे मिळून बाजारपेठेत जात, चार दुकाने हिंडत आणि वस्तू हातात घेऊन तिचे वजन अजमावीत. दुकानदार खोक्यातून यंत्र काढी, विजेची पिन लावी व ते चालवून दाखवी. आवाज फार होतो का, भांड्याचे झाकण घट्ट बसते का, हे तेथल्या तेथे कळे. मग भावाची घासाघीस होई आणि पावतीवर दुकानाचा शिक्का पडे. आज हीच खरेदी मोबाइलच्या काचेवर पाच मिनिटांत उरकते. या नव्या पद्धतीने पुष्कळांची सोय झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या गावी विजेच्या उपकरणांचे एकही दुकान नाही, तेथेही आता धुलाईयंत्र घरपोच येते. भावांची तुलनाही घरबसल्या करता येते. तथापि या सोयीच्या मोबदल्यात ग्राहकाच्या हातून एक मोलाची गोष्ट निसटली आहे. ती म्हणजे, पैसे देण्यापूर्वी वस्तूला हात लावून पाहण्याची संधी.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपल्याकडे म्हणतात. पण येथे फसवणुकीची गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. चित्र अगदी खरे असले, तरी ते अपुरे असते. पाणी तत्काळ तापविणाऱ्या लहान गीझरचेच उदाहरण घ्या. जेमतेम तीन लिटर पाणी मावणारा हा डबा चित्रात एखाद्या खेळण्यासारखा दिसतो. परंतु त्यावर बहुधा ३००० वॅट हा आकडा लिहिलेला असतो. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ३००० ला २३० ने भागले, तर उत्तर सुमारे १३ येते. म्हणजे हे यंत्र १३ अँपिअर इतका विद्युतप्रवाह ओढते. घरातील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. त्यावर असे यंत्र कसेबसे जोडून काम भागविले, तर तारा तापतात, सॉकेट वितळते आणि आग लागण्याचाही संभव असतो. त्यासाठी १६ अँपिअरचे मोठे सॉकेट, तेवढ्याच जाडीच्या तारा आणि नीट घातलेले अर्थिंग हवे. पेठेतला जाणता दुकानदार पहिलाच प्रश्न विचारी, “न्हाणीघरात मोठे सॉकेट आहे ना?” मोबाइल हा प्रश्न विचारीत नाही. तो फक्त पत्ता विचारतो.

मापांचेही असेच आहे. फ्रिजची उंची-रुंदी पानावर सेंटिमीटरांत दिलेली असते. पण जिन्याचे वळण, दाराची चौकट आणि ओट्याशेजारची जागा ही घरच्या माणसांनीच मोजावयाची असतात. टेप घेऊन मोजण्याचे हे काम मुलांनी अवश्य अंगावर घ्यावे.

यापेक्षा गंभीर गोष्ट आहे ती वस्तूवरील चिन्हाची. भारतीय मानक ब्यूरो ही संस्था वस्तूंची मानके ठरविते, आणि त्या मानकांस उतरणाऱ्या वस्तूवर आय.एस.आय. हे चिन्ह लावण्याचा परवाना देते. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली परवान्याचा. प्रेशर कुकरसारख्या वस्तूच्या बाबतीत हे चिन्ह म्हणजे नुसती शोभा नव्हे. कुकरच्या पोटात वाफ कोंडलेली असते. झडप किंवा झाकण सदोष असेल, तर तो स्वयंपाकघरातील बाँबच ठरावयाचा. म्हणूनच २०२० साली सरकारने आदेश काढून घरगुती कुकरवर हे चिन्ह सक्तीचे केले. तरीही चिन्हाविना कुकर ऑनलाइन विकले जात राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांविरुद्ध आदेश दिले. त्यांपैकी एकीच्या व्यवस्थेतून असे २,२६५ कुकर विकले गेले होते आणि दुसरीच्या व्यवस्थेतून ५९८. ग्राहकांना कळवावे, कुकर परत घ्यावेत, पैसे परत द्यावेत आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड भरावा, असे त्या आदेशांत म्हटले होते. पानावरील चित्रात चिन्ह दिसत नसेल, तर अशी वस्तू मागवूच नये, हेच शहाणपणाचे. चिन्ह दिसले तरी त्याखालील क्रमांक ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून परवाना खरा की खोटा, हे पडताळता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या कुकरलाही हा नियम लावण्यास हरकत नाही. पेठेतील सगळे दुकानदार काही साधुसंत नव्हते.

वीज वाचविणाऱ्या उपकरणांवर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे ताऱ्यांचे लेबल असते. एक तारा म्हणजे वीज अधिक लागणार, पाच तारे म्हणजे कमी. पण निकष काळानुसार कडक होत जातात. १ जुलै २०२२ रोजी घरगुती एअर कंडिशनरचे निकष बदलले, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच तारे नव्या मोजणीत चारच ठरले. सवलतीत जुना माल खपविला जात असेल, तर ताऱ्यांसोबत लेबलावरील मुदत आणि वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडाही वाचला पाहिजे.

तारे आणखी एका प्रकारचे असतात. ते ग्राहकांनी दिलेले म्हणून वस्तूच्या नावाखाली झळकतात. त्यांवर पुष्कळांचा फार विश्वास. वास्तविक हे अभिप्राय कोण लिहितो, हे वाचणाऱ्याला दिसत नाही. पैसे घेऊन लिहिलेले अभिप्राय इतके माजले, की भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठीच एक स्वतंत्र मानक सिद्ध केले. ‘फारच सुंदर’, ‘पैसा वसूल’ असे लिहिणाऱ्या शंभर जणांपेक्षा, सहा महिने वापरल्यावर मिक्सरचे भांडे कोठे गळू लागले हे सांगणारा एक मनुष्य अधिक विश्वासार्ह मानावा.

आता खुद्द मुलांशी संबंध असलेली गोष्ट. पुष्कळ घरांत आजी-आजोबा वस्तू सांगतात आणि नातवंडे मोबाइलवर बोट फिरवून ती मागवितात. तेव्हा शेवटचे बटण दाबणारे बोट बहुधा बारा वर्षांच्या मुलाचेच असते. त्या पानावर ‘फक्त दोनच नग शिल्लक’, ‘सवलत संपावयास दहा मिनिटे’ अशी अक्षरे लाल रंगात लुकलुकत असतात. कित्येकदा ही घाई सर्वस्वी खोटी असते. कधी एका वस्तूबरोबर वाढीव विमा गुपचूप टोपलीत पडतो. कधी आरंभी एक किंमत दिसते आणि शेवटी निराळी. अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ असे नाव पडले असून, केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून त्यांचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले. एक रात्र थांबून सकाळी तेच पान पुन्हा उघडले, तर ‘शेवटचे दोन नग’ बहुधा अजून तेथेच असतात!

वस्तू घरी आल्यावरही सावधपण सोडता येत नाही. माल आणणारा मनुष्य पुष्कळदा मोबाइलवर आलेला सांकेतिक आकडा मागतो. खोके उघडून पाहण्याची सोय असेल, तर ते पाहिल्यावाचून आकडा सांगू नये. कारण तो सांगणे म्हणजे माल मिळाल्याची कबुली देणेच होय. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ या मोठ्या अक्षरांखाली ‘केवळ मोटारीसाठी’ अशी बारीक अक्षरे दडलेली असतात. शिवाय यंत्र करणारी कंपनी एक, विकणारा दुसरा आणि ज्याच्या पानावर विक्री झाली तो तिसरा, असे तिघे असल्याने बिघाड झाला की तिघेही परस्परांकडे बोट दाखवितात. दुकानात निदान भांडावयाला एक माणूस समोर असे. येथे ग्राहक बिचारा फोनवरील यंत्राच्या आवाजाशी बोलत बसतो. वैतागून एखाद्याने इंटरनेटवर सापडेल तो मदत क्रमांक फिरविला, तर तो भामट्याचा निघून बँकेतील पैसेही जावयाचे. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तरीही ग्राहक अगदीच निराधार नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली; म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही निघाले. त्यांनुसार विक्री-व्यवस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. तेथे दाद लागली नाही, तर १९१५ वर फोन करावा. (हा सन नव्हे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.) पूर्वी तक्रार करावयाची, तर विक्रेता कोठे आहे किंवा व्यवहार कोठे घडला, हे पाहावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तो जाऊ शकतो. गडचिरोलीच्या मनुष्याने बंगळूरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या सदोष मिक्सरची तक्रार गडचिरोलीतच करता येते. मात्र त्यासाठी खरेदीचे बिल, वॉरंटीचे कार्ड आणि खोक्यावरील लेबलाचे छायाचित्र त्याने जपून ठेवलेले असावे लागते.