घंटागीत संपल्यानंतर : ‘लाक्मे’चे ध्वनिमुद्रण आणि झाडीपट्टीचा कान

१८८२च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १४ एप्रिल १८८३ रोजी, पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक नाट्यगृहात लिओ देलिब या संगीतकाराच्या ‘लाक्मे’चा पहिला प्रयोग झाला. दोन्ही नाटके गाण्यांनी बांधलेली. दोन्हींत नायिकेच्या मनातला पुरुष घरच्या वडीलधाऱ्याला नको असलेला, आणि दोन्हींत कोणीतरी वेष पालटून येतो. सौभद्रात अर्जुन संन्यासी होतो. ‘लाक्मे’त नायिकेचा पिता, नीलकंठ नावाचा ब्राह्मण पुजारी, भिकाऱ्याच्या वेषात बाजारात उतरतो.

मराठी श्रोत्यापर्यंत ‘लाक्मे’ पोहोचते ती ध्वनिमुद्रणातूनच. असे ध्वनिमुद्रण पारखायचे कसे, हा या धाग्याचा विषय. पारखण्यासाठी उसना घेतलेला कान मात्र पॅरिसचा नाही. तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतला आहे. ही निवड विक्षिप्त वाटेल. पण गाणारे नाटक डोळ्यांसमोर, रात्रभर आणि तिकीट काढून ऐकण्याची सवय महाराष्ट्रात आज ज्या मुलखात सर्वांत जिवंत आहे, तो मुलूख हाच.

आधी कथानक. ब्रिटिश अंमलातल्या भारतात, रानातल्या एका देवळाच्या बागेत, पुजाऱ्याची मुलगी लाक्मे (हे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप) राहते. जेराल्ड हा इंग्रज अधिकारी चुकून तिथे येतो आणि दोघे एकमेकांवर लुब्ध होतात. विटाळ करणारा परका कोण, हे शोधण्यासाठी नीलकंठ मुलीला भर बाजारात गायला लावतो. तिचा आवाज ऐकून तो पुढे येईलच, हा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर ठरतो आणि जेराल्डवर सुरा चालतो. लाक्मे जखमी जेराल्डला जंगलातल्या झोपडीत नेऊन वनस्पतींनी बरे करते. पण दुरून पलटणीचे गाणे कानी येते, मित्र कर्तव्याची आठवण देतो, आणि त्याचे मन पालटल्याचे ओळखून ती धोतरा खाते. वैनगंगेकाठी मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत शंकराला वाहिला जातो, तोच धोतरा.

आता झाडीपट्टीविषयी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, सोयरेधायरे पाहुणे म्हणून येतात, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांचा वारसा या रंगभूमीमागे आहे. २०२३मध्ये गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक वाचकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा वाचला असेल.

या रंगभूमीवर गाणे रंगमंचावर, तिथल्या तिथे गायिले जाते. पेटी-तबला आणि अलीकडे कीबोर्ड, ऑक्टोपॅड साथीला. तिथला प्रेक्षक सुरावर खूश होतो, पण पद कशासाठी आले हे त्याला आधी कळावे लागते. घर गहाण पडले आहे, भाऊ रुसला आहे, मुलगी नांदायला जाणार नाही म्हणते आहे. त्या पेचातून गाणे उगवले पाहिजे आणि संपल्यावर पेच तिथेच, थोडा अधिक आवळलेला, राहिला पाहिजे. शब्द ऐकू आला नाही तर मागच्या रांगेतून आरडाओरडा होतो. नाट्यगीत ऐकण्याची ही शिस्त कोणत्याही संगीतसमीक्षकाने लिहून ठेवलेल्या नियमांपेक्षा कमी नाही.

हाच कान ‘लाक्मे’ला लावून पाहावा.

‘लाक्मे’तले दोन तुकडे जगप्रसिद्ध आहेत. पहिला, लाक्मे आणि तिची दासी मल्लिका नदीवर कमळे खुडायला निघतात तेव्हाचे पुष्प-युगुलगीत. ते पुढे ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातीत गेले. इंग्रज अधिकाऱ्यापायी प्राण देणाऱ्या मुलीचे गाणे इंग्रजांच्या विमान कंपनीने वापरावे, यातला विनोद कंपनीला कळला होता की नाही कोण जाणे. दुसरा तुकडा म्हणजे दुसऱ्या अंकातले घंटागीत. रानातून जाणारी अंत्यज मुलगी काठीच्या घंटा वाजवून श्वापदे पळवते आणि एका वाटसरूला वाचवते. तो वाटसरू विष्णू निघतो. (गीतात विष्णूला ब्रह्म्याचा पुत्र म्हटले आहे. पुराणे नेमके उलटे सांगतात.) अतिउंच सप्तकातल्या तानांमुळे हे गीत गायिकांच्या मैफलींत आणि निवडक गाण्यांच्या संग्रहांत हमखास सापडते.

पण नाटकात हे गाणे ‘सादर’ केले जात नाही. बाप मुलीला आमिष म्हणून वापरतो आहे. ती गाते आणि अपेक्षित माणूस पुढे येत नाही. संतापलेला नीलकंठ पुन्हा गा, गातच राहा, असे फर्मावतो. तिला आता कळले आहे की आवाज पोहोचला तर प्रियकर मरेल. ती तीच ओळ पुन्हा उचलते, अडखळते, थांबते, परत उचलते. गर्दीत जेराल्ड दिसतो आणि तिची शुद्ध हरपते. घंटागीत संपल्यानंतरच्या या थोड्या मिनिटांत सारा ऑपेरा आहे. मैफलीत आणि संग्रहात ती मिनिटे कापली जातात. संपूर्ण ध्वनिमुद्रणाची किंमत ठरवायची तर ती इथे ठरवावी.

तीन ध्वनिमुद्रणे या कसोटीवर घासून पाहता येतात. पहिले १९५२चे, डेक्काचे: मादो रोबँ लाक्मे, संचालक जॉर्ज सेबास्तियाँ, वाद्यवृंद आणि गायकवृंद ऑपेरा-कोमिकचाच. या नाट्यगृहात १९३१पर्यंत ‘लाक्मे’चे हजार प्रयोग झाले होते, म्हणजे ते मुरलेले घर होते. ध्वनी एकपदरी आणि जुनाट आहे, रोबँचे टोकाचे स्वर कधी शिटीसारखे वाटतात. पण बाजारातल्या समूहाचा प्रत्येक शब्द दातांवर वाजतो. हे लोक नाटक करत आहेत, हे ऐकू येते.

दुसरे १९६७चे, पुन्हा डेक्काचे, आणि सर्वांत प्रसिद्ध. जोन सदरलँड लाक्मे, पती रिचर्ड बॉनिंग संचालक, वाद्यवृंद माँटे कार्लोचा. सदरलँडचा गळा विसाव्या शतकातल्या थोर गळ्यांपैकी एक. तिच्या ताना मोजून पाहाव्यात इतक्या सफाईदार. पण व्यंजने विरघळतात. फ्रेंच येत नसलेल्या श्रोत्यालाही जाणवते की इथे शब्द नाहीत, स्वरांची रेशमी पट्टी आहे. घंटागीतात हे खपून जाते. त्यानंतरच्या मिनिटांत खपत नाही. बाप धमकावत असताना, मरणाची छाया पडलेली असताना, सूर तितकाच गोल आणि निश्चिंत राहतो. भ्यायलेली मुलगी कुठेच नाही, एक महान गायिका आपले गाणे पुन्हा एकदा म्हणते आहे. वडशाच्या मंडपात या क्षणी टाळ्या पडल्या असत्या आणि नाटक पडले असते. याच ध्वनिमुद्रणात आलँ व्हान्झोचा जेराल्ड मात्र असा आहे की त्यापुढे इतर सारे जेराल्ड कमी वाटतात. फ्रेंच शब्द आणि सूर त्याच्या गळ्यात वेगळे राहतच नाहीत.

तिसरे १९९७चे, ईएमआयसाठी तुलूझच्या वाद्यवृंदासह मिशेल प्लासाँ यांनी केलेले. नताली देसे लाक्मे, नीलकंठ झोझे व्हान डाम. देसेचा आवाज सदरलँडच्या निम्म्याने लहान असेल. पण घंटागीत संपून बापाचा हुकूम येतो तेव्हा ती ओळ गात नाही, तिच्या हातून ती निसटते. श्वास तुटतो, घंटांची नक्कल करणारे स्वर आता हुडहुडीसारखे वाटतात. व्हान डामचा नीलकंठ माथेफिरू नाही. देऊळ आणि मुलगी दोन्ही हातची जाताना पाहणारा करारी म्हातारा आहे, आणि म्हणून अधिक भयंकर. ग्रेगरी कुंडेचा जेराल्ड व्हान्झोच्या जवळपासही जात नाही. तरीही घरात एकच ‘लाक्मे’ ठेवायची असेल तर ती ही.

इतिहासाचा विद्यार्थी इथे हरकत घेईल, आणि त्याने घ्यावीच. देलिबचे भारतीय रान कागदी आहे. त्याच काळात चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, खऱ्या रानात इंग्रज अधिकारी आणि स्थानिक माणूस यांची गाठ कशी पडली होती? २९ एप्रिल १८५८ला प्राणहितेकाठी चिंचगुंडीजवळ बाबुराव शेडमाके यांच्या गोंड लढवय्यांनी तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगलांची आखणी झाली आणि रानातल्या माणसाचे रानातच गुन्हेगार होणे सोपे झाले. यातले काहीही पॅरिसच्या रंगमंचावर नव्हते. तिथे बंडखोर म्हणजे धर्मवेडा पुजारी, आणि अधिकारी म्हणजे फुले पाहून हरखणारा तरुण.

हरकत खरी असली तरी ती ऐकण्याऐवजी वापरली जाते, हा तिचा धोका आहे. ‘पौर्वात्यवादी’ असा शिक्का मारला की कलाकृतीचा निकाल लागला, असे अलीकडे अनेक तरुण अभ्यासकांना वाटते. पण मग दुसऱ्या अंकातल्या नर्तिकांच्या नाचांना देलिबने ‘तराणा’ आणि ‘रेख्ता’ ही नावे का दिली, हा प्रश्न विचारायचाच राहतो. हिंदुस्थानी संगीतातले हे शब्द १८८३च्या पॅरिसमध्ये पोहोचले होते. त्या नाचांच्या संगीतात तराण्याचे लक्षण औषधालाही नाही. शब्द पोहोचला आणि सूर पोहोचला नाही, हे संहिता वाचून कळत नाही, ऐकूनच कळते. शिवाय बापाच्या हुकुमाने बाजारात गाणारी मुलगी कागदी रानातही खरी असू शकते. ती खरी आहे की नाही हे देलिबइतकेच गायिकाही ठरवते.

हीच फूटपट्टी मराठी नाट्यसंगीतालाही लावायला हवी. बालगंधर्वांच्या तबकड्या हा आपला ठेवा आहे. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारे पद तिथे आटवून बसवले गेले, आणि पदाच्या अलीकडचे-पलीकडचे सारे गळून पडले. १९१९च्या ‘एकच प्याला’तली सिंधू तबकडीवर ऐकू येते, तिला त्या अवस्थेला आणणारा सुधाकर ऐकू येत नाही. चार पिढ्यांनी नाट्यगीत म्हणजे सुटे गाणे असे मानले त्याला ही तीन मिनिटेही कारण आहेत. फ्रेंचांचे नशीब असे की अख्खा ऑपेरा मुद्रित करण्याची प्रथा पडली, आणि म्हणून कापलेली मिनिटे परत जोडून पाहता येतात.

झाडीपट्टीचे आज जे मुद्रण होते आहे ते पुन्हा तबकडीच्याच वाटेने चालले आहे. हंगामात मंडपात शेकडो मोबाइल असतात. लावणी किंवा पद सुरू झाले की ते वर येतात, दुसऱ्या दिवशी चार मिनिटांची चित्रफीत सर्वत्र फिरते. गाणे संपून नट पुन्हा बोलू लागला, की फोन खाली जातात. संहिता बहुधा मंडळीच्या पेटीत किंवा प्रॉम्प्टरच्या हाती, आणि पुढच्या हंगामात नवे नाटक. एखादे विद्यापीठ, एखादे महाविद्यालय किंवा गावातलेच दोन उत्साही तरुण येत्या दिवाळीनंतर एका रात्रीचा पूर्ण प्रयोग, पडदा उघडण्यापासून पहाटेपर्यंत, प्रॉम्प्टरच्या कुजबुजीसह आणि मागच्या रांगेच्या आरड्यासह मुद्रित करू शकतात; त्याला स्टुडिओ लागत नाही. एक बरे ध्वनिमुद्रण यंत्र पेटीवाल्याच्या शेजारी आणि एक प्रेक्षकांत ठेवले, आणि गाणे संपल्यावर ते बंद केले नाही, तर पुरे.