शाल नको, श्रोता द्या!

गेली बत्तीस वर्षे मी आमच्या तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस आहे. या काळात मी किती शाली विकत घेतल्या, याचा हिशेब परवा सहज मांडायला बसलो आणि घाबरून मध्येच उठलो. शाली, श्रीफळे, सन्मानचिन्हे, हारतुरे, फेटे! इतक्या कापडात गावातल्या प्रत्येक पुस्तकाला दोन-दोन कव्हरे घालून झाली असती. म्हणून पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्याकडे बोट दाखवून नव्हे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. या पापात माझा वाटा आहे आणि तो लहान नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे साहित्याचे समारंभ उदंड झाले आणि साहित्य ऐकणारी माणसे मात्र कुणी गोळा करीनासे झाले. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी असली कडू गोष्ट ठेवू नये, असे घरची मंडळी म्हणतील. परंतु आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे आधी कडू कारिंटे फोडतात आणि मगच फराळाला बसतात. तेव्हा आधी कारिंटे फोडू या.

आमच्या गावचा वार्षिक साहित्य महोत्सव कसा होतो ते सांगतो, म्हणजे तुमच्याही गावचा कसा होतो हे मला विचारावे लागणार नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत जे ग्रंथ असतात ते कपाटातून त्या दिवशीच बाहेर येतात आणि संध्याकाळी परत कपाटात जातात. मग उद्घाटन. व्यासपीठावर सतरा खुर्च्या. सतरांचे स्वागत, सतरांचा परिचय आणि सतरांपैकी अकरांची भाषणे. वाचनाची आवड कमी होत चालली आहे, याबद्दल प्रत्येक वक्ता खेद व्यक्त करतो. त्यांतल्या एकाचेही आमच्या वाचनालयात खाते नाही, हे मला चिटणीस या नात्याने ठाऊक असते. पण मी चूप बसतो, कारण देणगीची पावती अजून फाडायची असते.

दुपारी पुस्तक प्रकाशन. फीत सुटते, चकचकीत कागद निघतो, पुस्तक छातीशी धरून छायाचित्र घेतले जाते. ज्यांच्या हस्ते प्रकाशन झाले त्यांनी ते वाचलेले नसते आणि ज्यांनी प्रस्तावना लिहिली त्यांनीही पुरते वाचलेले असेल अशी खात्री देता येत नाही. लेखकाने स्वतःच्या खिशातून पैसे भरून ते छापून घेतलेले असते. उरलेल्या प्रती त्याच्या पलंगाखाली वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पाहुण्यारावळ्यांना लग्नाच्या आहेरात दिल्या जातात. आणि संध्याकाळी कवीकट्टा! नव्वद-शंभर कवी, प्रत्येकाला तीन मिनिटे. ज्याची कविता झाली तो प्रमाणपत्र घेऊन उठतो आणि ज्याची व्हायची तो आपला कागद चाचपत बसतो. ऐकतो तो फक्त ध्वनिक्षेपकवाला, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका कट्ट्यावर आमच्या गावच्या एक बाई आल्या होत्या. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना आवडायचे नाही. पिठाची गिरणी चालवतात. गेली वीस वर्षे दर बुधवारी, बाजार आटोपला की, वाचनालयात येऊन पुस्तक बदलून नेतात. पुस्तकावर पिठाची बोटे उमटतात म्हणून आधीच्या ग्रंथपालांनी त्यांना एकदा टोकले होते. तेव्हापासून त्या पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. 1972 च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जात. त्या आठवणींची त्यांनी सात पाने लिहून आणली होती. नंबर लागला सत्याऐंशीवा. रात्री साडेदहाला त्यांचे नाव पुकारले, तेव्हा सूत्रसंचालक म्हणाला, "बाई, हे गद्य आहे. इथे फक्त कविता." कुणीतरी हसले. मी पुढे झालो, त्यांच्या हाती प्रमाणपत्र दिले आणि छायाचित्रकाराला खूण केली. प्रमाणपत्रावर त्यांचे आडनाव चुकलेले होते.

पुढच्या बुधवारी त्यांनी पुस्तक परत केले, त्याच्यात ते प्रमाणपत्र घडी करून ठेवलेले. म्हणाल्या, "अण्णा, हे राहू द्या तुमच्याकडंच. त्यापरीस चार माणसांनी ऐकलं असतं, तर बरं वाटलं असतं."

वाचकहो, बत्तीस वर्षांत माझ्या कारभारावर पुष्कळ टीका झाली, लेखापरीक्षकाने शेरेही मारले. पण इतका नेमका शेरा कुणी मारला नव्हता.

त्याच शनिवारी वाचनालयाच्या ओसरीवर सतरंजी टाकली. निरोप पाठवून अकरा माणसे जमली. बाईंनी सात पाने वाचायला चाळीस मिनिटे घेतली, कारण मध्येच कुणी काही विचारी आणि त्या थांबून सांगत. सुकडीचे वर्णन आले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आणि तो मिलो! रेशनवरचा तांबडा मिलो विसरलात काय?" बाईंनी पेन मागून घेतले आणि समासात मिलो लिहिला. अकरावीतल्या एका पोराने विचारले, "मिलो म्हणजे काय?" मग दोन म्हाताऱ्यांनी त्याला परदेशातून आलेल्या त्या ज्वारीची, तिच्या भाकरीच्या चवीची सगळी हकीकत सांगितली. निघताना तो पोरगा मला म्हणाला, "दुष्काळावरचं एखादं पुस्तक आहे का आपल्याकडे?" साऱ्या महोत्सवाच्या खर्चात हा एक प्रश्न मला कधी विकत मिळाला नव्हता. त्या शनिवारचा खर्च चहाचा, आणि तोही म्हाताऱ्यांनी दिला.

कुणी म्हणेल, ही जुन्या माणसाची भाबडी रडगाणी आहेत. तर मग आपला इतिहासच पाहा. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. म्हणजे आपल्याकडे वाचनालये आधी आली. ग्रंथकारांचे पहिले संमेलन पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने भरले ते 1878 साली. आधी वाचक, मग संमेलन. रविकिरण मंडळाची माणसे 1923 साली एकत्र आली ती एकमेकांच्या कविता ऐकण्यासाठी आणि चहाच्या कपावर भांडण्यासाठी. पुढे विंदा, बापट आणि पाडगावकर हे तिघे गावोगाव हिंडले, ते कविता वाचून दाखवायला. लोक जमले ते ऐकायला. शालीसाठी कुणी जमले नव्हते.

आणि मंडप मोठा असला म्हणजे त्यात सगळे मावतात, हाही एक भ्रमच. 1885 सालच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले तेव्हा त्यांनी ते नाकारले. ज्यांच्या माणूसपणाचाच विचार तिथे होत नाही, त्यांनी तिथे जाऊन करायचे काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. 1958 साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरवावे लागले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले, ते मोठ्या मंडपात जागा सापडली नाही म्हणूनच. आमच्या कट्ट्यावर गिरणीवाल्या बाईंना जागा सापडली नाही ती याच मंडपात. फरक एवढाच, की आता आपण नकार देत नाही, प्रमाणपत्र देतो.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्या 1951 साली गेल्या आणि त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. ती आचार्य अत्र्यांसारख्या रसिकाच्या हाती पडली, हे आपले भाग्य. परंतु त्याआधी घरातल्या कुणीतरी बसून ती ऐकली होती, उतरवून घेतली होती, हे आपण विसरतो. तो ऐकणारा नसता, तर अत्र्यांच्या हाती काय पडणार होते? 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीला अठ्ठ्याण्णवावे संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षा तारा भवाळकर होत्या, लोकसाहित्याच्या आणि बायकांच्या लोकपरंपरेच्या व्यासंगी अभ्यासक. बायकांची गाणी नि कहाण्या ऐकण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना आपण सर्वोच्च मानाच्या खुर्चीवर बसवले, हे फार चांगले झाले. आता त्यांच्यासारखे ऐकायला कधी शिकणार, एवढेच विचारतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या गावीही फटाके वाजले, पेढे वाटले, मीही वाटले. पण त्या महिन्यात आमच्या वाचनालयात एकही वर्गणीदार वाढला नाही. भाषेलाच आपण शाल पांघरली आणि घरी गेलो!

आता उलट बाजूचे म्हणणे. महोत्सवात पुस्तके खपतात, हे खरे, आणि दूरदूरची माणसे भेटतात, हेही खरे. मी काही संमेलने बंद करा म्हणत नाही. कृष्णाकाठी औदुंबरला कवी सुधांशूंच्या गावी दर संक्रांतीला संमेलन भरते. छोटे गाव, एक दिवस, आणि लोक मुद्दाम त्यासाठी येतात. वर्षातून एकदा तिळगूळ वाटावा. पण वर्षभर चूल पेटलीच नाही, तर नुसत्या तिळगुळावर घर जगेल काय?

दुसरे म्हणतात, आता सगळे भ्रमणध्वनीवर आहे, कोण येतो ओसरीवर? अहो, भ्रमणध्वनीवर कविता टाकली की अर्ध्या घटकेत पन्नास अंगठे उभे राहतात. त्यांतल्या किती अंगठ्यांनी ती वाचली? लिहिणाऱ्याला अंगठा पुरत नाही, त्याला समोर बसलेला चेहरा लागतो. कुठे कंटाळला, कुठे डोळे भरले, कुठे खोटे वाटले, हे तो चेहरा सांगतो. नवशिक्या लेखकाची खरी शाळा ती. ती शाळा बंद पडली म्हणून तर प्रवेशशुल्क घेऊन स्पर्धा भरवणारे आणि पैसे घेऊन पुरस्कार देणारे यांची दुकाने चालतात. वीस वर्षांच्या पोरापोरींना ते संधी देतो म्हणून सांगतात आणि त्यांच्या हाती पावती देतात. ज्याला लिहायचे आहे त्याच्याकडून पैसे घेणे, याला संधी म्हणत नाहीत.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांचे जाळे विणले गेले, आज त्यांची संख्या दहा हजारांवर आहे. त्यांतल्या प्रत्येकाने महिन्यातून एक शनिवार राखावा. एकाने वीस मिनिटे स्वतःचे वाचावे, गद्य असो वा पद्य. ज्यांनी ते आधी वाचले आहे अशा दोघांनी त्यावर बोलावे, बरे ते आणि वाईट तेही. बाहेरगावच्या लेखकाला शालीऐवजी एस. टी. चे भाडे आणि मानधन द्यावे. पुस्तक प्रकाशित करायचे तर ते वाचलेल्या वाचकाच्या हस्ते करावे, मग तो न्हावी असो की नायब तहसीलदार. कुणाकडूनही वाचायचे पैसे घेऊ नयेत. आणि व्यासपीठ नसावे. सतरंजी असावी. सतरंजीवर सतरा माणसे मानाने बसवता येत नाहीत, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

या सगळ्याला खर्च किती? महोत्सवातल्या एका फेट्याचा. आणि ग्रंथपालाचा पगार वाढवायचा असेल तर उरलेल्या फेट्यांचा. छोट्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला महिन्याकाठी काय मिळते, हे मी इथे छापणार नाही, सणासुदीला तुमच्या घशाखाली लाडू उतरायचा नाही.

आमच्या ओसरीवर ती बैठक आता तीन वर्षे चालली आहे. कधी अकरा, कधी सहा, पावसात एकदा तिघेच. गिरणीवाल्या बाईंची सात पाने आता चाळीस झाली आहेत. यंदा कार्यकारिणीत ठराव आला, की महोत्सवाला पैसे कमी पडतात, तरी शनिवारचा दिवाबत्तीचा खर्च बंद करावा. मी विरोधात मत दिले. ठराव एका मताने पडला. पुढच्या वर्षी काय होईल, सांगता येत नाही.

म्हणून हे लिहिले. यंदाच्या दिवाळीत फराळ झाला की घरातल्या सगळ्यांना बसवा आणि याच अंकातली एक गोष्ट कुणीतरी मोठ्याने वाचा. आजीला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. आणि पाडवा-भाऊबीज उरकली की गावातल्या वाचनालयात जाऊन चिटणीसाला एवढेच विचारा, "तुमच्याकडे बैठक कधी असते?" तो गडबडेल, कदाचित रागावेल. पण चार जणांनी विचारले, तर सतरंजी झटकायला घेईल. मी घेतली होती. मला तर एकाच बाईंनी विचारले होते.