भूकंपाची तालीम आणि काट्यावरील क्रमांक

कापसाच्या ऐन हंगामांत जिनिंगच्या आवारांत एका वेळीं किती माणसें असतात, याचा हिशेब कोणत्याही एका वहींत सांपडत नाहीं. कायम नोकरांचीं नांवें हजेरीपटावर असतात, रोजंदारीच्या बायका मुकादमाच्या टिपणांत, हमाल आपल्या टोळींत. आणि कापूस घेऊन आलेला शेतकरी, त्याचा गाडीवान व बरोबर आलेलें पोर हीं कोठेंच नसतात. महसुलाच्या वह्या सांभाळण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या प्रस्तुत लेखकाचें म्हणणें इतकेंच कीं, अशा ठिकाणीं भूकंपाची तालीम घ्यावयाची तर ती कचेरींतील मंडळीपुरती घेऊं नये. आवारांतील प्रत्येक जिवासह, आणि तीही हंगामांतच घ्यावी.

"आपल्याकडे भूकंप कसला?" असें आपल्या झरी जामणी तालुक्यांत पुष्कळजण म्हणतात. जमीन हादरली तरी वणीकडे खाणींत सुरुंग उडाला असेल, असें समजून आपण कूस बदलतों. परंतु २०२४ सालीं २१ मार्च व १० जुलै रोजीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते आपल्याच जिल्ह्यांतील उमरखेडकडेही जाणवले. त्याच वर्षीं ४ डिसेंबरला पैनगंगेपलीकडील तेलंगणांत, मुलुगूकडे, ५.३ तीव्रतेचा धक्का झाला. त्यानें गडचिरोली-चंद्रपुराकडील लोक घराबाहेर आले. किल्लारीचा मुलूखही १९९३ पूर्वीच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांतच दाखविलेला होता. तेथें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे सुमारें आठ ते दहा हजार माणसें गेलीं, तीं बहुतेक मातींत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदें यांखालीं. आपल्या कोलाम बांधवांचें कुडाचें हलकें घर या एका बाबतींत वाड्याहून शहाणें ठरतें, हें जातां जातां सांगणें अवश्य वाटतें.

कोणी म्हणेल कीं, कोयनेचा भूकंप पहांटे झाला, किल्लारीचाही पहांटे झाला. मग कारखान्यांत तालीम कशाला? हंगामांत जिनिंग रात्रपाळीनेंही चालतें, हें एक उत्तर. दुसरें उत्तर जपानचें आहे. तेथें १ सप्टेंबर १९२३ रोजीं भूकंप झाला तो दुपारीं बाराला दोन मिनिटें कमी असतांना, चुली पेटलेल्या वेळीं. लाखावर माणसें मेलीं, आणि त्यांतील बहुतेक भिंतीखालीं नव्हे तर आगींत मेलीं. सुट्या कापसाच्या गंज्यांपाशीं वीज खेळत असतांना हा दाखला आपणांस निराळा समजावून सांगावयास नको. म्हणून हादरा थांबतांच मुख्य बटण कोणीं बंद करावयाचें, हें प्रत्येक पाळीस माणसाचें नांव घेऊन ठरलेलें असलें पाहिजे.

आतां खरी अडचण पहा. भूकंप थांबल्यावर मोकळ्या जागेंत जावें, असें सर्व पत्रकांत असतें. परंतु हंगामांत मोकळी जागा उरते कोठें? पटांगणांत गाड्या, ट्रॅक्टर व कापसाचे ढीग; फाटकांत मालमोटारी अडकलेल्या. एक गांठ सुमारें १७० किलोंची. तिच्या थप्पीच्या सांवलींत मजूर बायका लेकरें निजवितात, कारण दुसरी सांवली त्यांना कोणी दिलेली नाहीं. उन्हाळ्यांत आवार रिकामें असतांना घेतलेली तालीम यांतील एकही गोष्ट उघडकीस आणीत नाहीं. "तालीम यशस्वी रीतीनें पार पडली" असा अहवाल मात्र तिचा उत्तम होतो. असे अहवाल पुष्कळ दप्तरीं लावून झाले आहेत.

दुसरी अडचण शेतकऱ्याची, आणि तीच या मासिकाच्या वाचकांनीं मनावर घेण्याजोगी आहे. भोंगा वाजला म्हणून काट्यापाशीं लागलेला मनुष्य गाडी सोडून जाईल काय? रात्रभर थंडींत रांग धरलेली. क्रमांक गेला तर पुन्हां मुक्काम, पुन्हां भाडें, आणि उद्यांचा भाव कोणाच्या हातीं? तो हलणार नाहीं, आणि त्याला दोष देतां येणार नाहीं. रोजंदारीच्या बाईचेंही तसेंच. अर्ध्या तासाचा रोज कापला जाणार असेल तर ती थप्पीपाशींच उभी राहील. तेव्हां भोंगा वाजतांच काटा थांबावा, रांगेंतील क्रमांक जसाचा तसा धरला जाईल असें फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहावें, आणि तालमीचा वेळ मजुरींत धरावा. मालकांस हा खर्च जड वाटेल; पण वर्षांतून दोन वेळां अर्धा तास काटा थांबल्यानें कोणी बुडालेला ऐकिवांत नाहीं.

कृति फार नाहीं. हादरत असतां दाराकडे धांव घेऊं नये. यंत्रें व थप्प्या यांपासून दूर होऊन खालीं बसावें, डोकें झांकावें, मजबूत मेज असल्यास त्याखालीं शिरून त्याचा पाय धरावा. थांबल्यावर बाहेर पडावें, आणि मुकादमानें मोजणी करावी. त्यासाठीं फाटकावर आंत येणाऱ्या प्रत्येकाची, पोरासकट, नोंद हवी. ही नोंद ठेवण्यास एक लेखणी व एक वही पुरते.

२००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें जिल्हाधिकारी या कामाचे प्रमुख आहेत. परंतु ते येऊन आपले ढीग हलवितील अशी वाट पाहूं नये. दिवाळीनंतर खरेदी सुरू होण्यापूर्वीं आपल्या संघानें बाजार समितीस व मुकुटबन, वणी, पांढरकवड्याकडील जिनिंगवाल्यांस लेखी मागणी करावी कीं, गाड्या लावतांना पटांगणाचा एक कोपरा चुन्याची रेघ ओढून मोकळा राखावा, गांठींची थप्पी मर्यादेंत ठेवावी, व लेकरांसाठीं निराळी सांवली उभारावी. पहिल्या तालमींत गोंधळ माजेल, मोजणी चुकेल, कोणी हंसेल. किती माणसें मोजणींत कमी पडलीं, तो आंकडा मात्र खोडाखोड न करतां दप्तरीं ठेवावा, आणि पुढील तालमीच्या दिवशीं तोच प्रथम वाचून दाखवावा.