स्पीकरच्या दुनियेत कापडाचा वाटा

महागड्या स्पीकरचे नाव काढले की आपले व्यापारी बांधव हात झटकतात. हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून विषय मिटवतात. निम्मे बोलणे खरे आहे. जर्मनीत म्युनिक येथे ‘हाय एंड’ नावाचे प्रदर्शन २००४ पासून २०२५ पर्यंत, कोरोनाची दोन वर्षे सोडली तर, दरसाल भरत असे. २०२६ पासून ते ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरी नेण्याचे ठरले. एक लाख युरोहून महाग जोड्या तेथे सहज पाहायला मिळतात. आपल्या पैशात म्हणजे कोटीच्या घरातली गोष्ट झाली. एवढ्या रकमेत मालेगाव-भिवंडीत लूमची शेड उभी राहते.

परंतु बोलण्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे आपला संबंध नाही हा, मला मान्य नाही. ज्या एम.ओ.सी. इमारतीत हे प्रदर्शन भरे त्याच इमारतीत ‘म्युनिक फॅब्रिक स्टार्ट’ हे कापडाचे प्रदर्शनही भरत आले आहे. मूळ ती इमारत कपड्यांच्या आणि खेळाच्या मालाच्या ऑर्डरी घेण्यासाठीच बांधलेली. मे २०२५ मध्ये मी तेथे स्पीकर ऐकायला गेलो, तेव्हा मन कापडाकडे ओढ घेणार हे उघड होते. आणि कापड जागोजागी होते.

प्रथम ऐकण्याविषयी. बंद खोलीत पंधरावीस खुर्च्या मांडलेल्या असतात. मधल्या खुर्चीवर बसले तर गाणारा दोन स्पीकरांच्या मधोमध हवेत उभा आहे असे वाटते. डोळे मिटले तर त्याच्या श्वासाचा आवाजही कळतो. हा अनुभव खरा आहे, थोतांड नाही. मात्र कडेच्या खुर्चीवर जाऊन बसा, तोच गाणारा सरकून जवळच्या स्पीकरात शिरतो. म्हणून मधली खुर्ची रिकामी होईपर्यंत माणसे उभी राहतात. बायकांना जागा द्यावी हा रिवाजही तेथे गुंडाळून ठेवलेला दिसला!

वाजवायचे काय, हे खोलीचा मालक ठरवतो. एखादी संथ गाणारी बाई, साथीला एक मोठे तंतुवाद्य, फार तर पियानो. असल्या विरळ गाण्यात कोणताही बरा स्पीकर खुलतो. मी पेनड्राइव्हवर जुनी कव्वाली नेली होती. पेटी, ढोलक, आठदहा जणांचा कोरस आणि टाळ्या. स्पीकरची परीक्षा टाळ्यांत होते. दहा हात एका वेळी वाजतात, पण अगदी एका क्षणी नव्हे. ते दहा वेगळे ऐकू आले तर माल चोख. काही खोल्यांत नम्रपणे नकार मिळाला, काही ठिकाणी हौसेने वाजवली. एका ठिकाणी पुरुषभर उंचीच्या जोडीतून त्या टाळ्यांचा नुसता चिखल झाला. दुसऱ्या एका खोलीत हातभर उंचीच्या पेटीतून हात न हात मोजता आला. किमतीत किती पटींचा फरक होता ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट आवाज किती मोठा ठेवला याची. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असला तर माणसाच्या कानाला खालचे, भारदस्त सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. म्हणजे एकसारख्या दोन मालांत जो जरा मोठ्याने वाजेल तो गिऱ्हाइकाला सरस वाटणार. आपल्याकडे कापडाच्या दुकानात पिवळ्या दिव्याखाली शालू पसरतात, त्यातलाच हा प्रकार. खानदानी दुकानदार स्वतः गिऱ्हाइकाला म्हणतो, ताई, उंबऱ्यापाशी या, उन्हात रंग बघा. ध्वनीच्या धंद्यात उंबऱ्यापाशी नेणारे थोडे, पण आहेत.

अमेरिकेच्या एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर काढला. त्यांच्या ए.आर. कंपनीने पुढे जाहीर कार्यक्रम केले. मंचावर चार वादक प्रत्यक्ष वाजवीत आणि मध्येच हात थांबवून नुसते गज फिरवीत. तेवढा वेळ आवाज स्पीकरातून येई आणि श्रोत्यांनी ओळखायचे. बहुतेकांना बदल कळत नसे. याच कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात ऐकण्याची एक खोली उघडली होती. तेथे माल विकायचा नाही, फक्त ऐकवायचा, असा नियम. स्टेशनात भाडे भरून दुकान थाटायचे आणि विकायचे नाही, हे ऐकून आपल्या माणसाला घेरी येईल. पण गिऱ्हाईक ऐकून जाई आणि दुसऱ्या दुकानातून तोच माल नेई.

याहून कडक कसोटी पडद्याची. हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंपनीच्याच चाळीस माणसांना चार स्पीकर ऐकवले. एकदा डोळ्यांसमोर ठेवून, एकदा पडद्याआड. समोर दिसत होते तेव्हा थोर, देखण्या, महाग मालाला मार्क चढले. पडदा पडल्यावर हिशेब बदलला. रोज याच मालात वावरणाऱ्या माणसांचे हे झाले, तर आपल्यासारख्याची काय कथा? आणि तो पडदा कशाचा, तर आवाज अडणार नाही अशा पातळ काळ्या कापडाचा.

येथे आपला धंदा सुरू होतो. स्पीकर उघडून पाहावा. वरचे बारीक सूर काढणारा घुमट बहुधा २५ मिलिमीटरचा असतो आणि अनेकदा रेशमी कापडाचा. कापड गरम साच्यात दाबून घुमट करतात आणि वर चिकट लेप देऊन छिद्रे बुजवतात. मोठ्या कोनाच्या मागे नागमोडी वळ्यांची एक चकती असते. तिला ‘स्पायडर’ म्हणतात. ती सुती किंवा मिश्र कापड राळेत बुडवून, तापवून, दाबून केलेली असते. कोन पुढे-मागे हलतो त्याला मध्यभागी धरून ठेवणे हे तिचे काम. इंग्लंडच्या बॉवर्स अँड विल्किन्स कंपनीने १९७० च्या दशकापासून चाळीसेक वर्षे विणलेल्या केव्हलरचा कोन वापरला. गोळी अडवणारी जाकिटे ज्या धाग्याची, तोच हा धागा.

सगळ्यात नवल वाटते ते हलत्या कोनाकडे वीज नेणाऱ्या बारीक तारेचे. साधी तार सेकंदाला शेकडो वेळा हलून तुटेल. म्हणून मध्ये सूत आणि त्यावर तांब्याची पातळ चपटी पट्टी गुंडाळतात, आणि असे अनेक पदर एकत्र गुंफतात. आपल्या जरीवाल्यांना हे सांगायला नको. तार चपटी करून बादला करायचा आणि तो रेशमावर चढवायचा, ही कलाबतूचीच रीत. सुरतेत आणि येवल्यात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जरीचे काम थंडावले म्हणून मुलाला रिक्षा घेऊन देणाऱ्या कारीगरांनी याचा विचार करावा असे मला वाटते.

सुतारांनाही येथे काम आहे. इटलीत विचेन्झाजवळ १९८३ मध्ये सुरू झालेली सोनुस फाबर कंपनी स्पीकरची पेटी अक्रोडाच्या लाकडात आणि चामड्यात फर्निचरच्या नजाकतीने बनवते. काही मॉडेलांत पुढे कापडाऐवजी उभ्या लवचीक दोऱ्यांची ओळ लावते. आपला सुतार हाताने कमी नाही. तो मोजायला कमी पडतो. पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करावी. पोकळ घुमली तर तो आवाज गाण्यात मिसळणार. आत आडव्या पट्ट्या मारल्या की ठोका मुका होतो. एवढे न करता वर चकचकीत पॉलिश चढवून विदेशी नावाची पट्टी ठोकणे हा धंदा नव्हे. खोक्यावर हजारो वॉट पी.एम.पी.ओ. छापणारे त्याच जातीचे. तराजूत पासंग ठेवणाऱ्याला आपण जे म्हणतो ते त्यांनाही म्हणावे.

मशिदीच्या, मदरशाच्या आणि लग्नाच्या हॉलच्या कमिट्यांसाठी थोडेसे. हॉल घुमतो, बोललेले समजत नाही, म्हणून कमिटी आणखी जोरदार स्पीकर आणते. घुमणे त्याने वाढते. दोष गुळगुळीत भिंतींचा आणि छताचा असतो. हॉल माणसांनी भरला की तोच आवाज उतरतो, कारण अंगावरचे कपडे आवाज पितात. जाड पडदा दुमड्या घालून, भिंतीपासून चार-सहा इंच सोडून टांगला तर उच्चार साफ होतो. पण पडद्याने सर्व होईल असेही नाही. १०० हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. कापडाच्या एका पदराला ती दाद देत नाही. विकताना हेही सांगावे.

आता समोरच्या जाळीच्या कापडाविषयी, कारण ऑर्डर मिळण्यासारखी तीच आहे. सूत ओलावा धरते आणि पावसाळ्यात सैल पडते, म्हणून पॉलिएस्टर चालते. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. श्वास अडखळला तर आवाजही अडखळणार. रीड-पिक विरळ हवे, पण चौकटीवर ताणल्यावर धागा सरकता कामा नये. फिनिशिंगमध्ये वजन यावे म्हणून खळ भरण्याची आपल्याकडची सवय येथे घात करते, कारण छिद्रेच बुजतात. काळ्या रंगाचा पक्केपणा उन्हात तपासावा. स्पीकरची जोडी शेजारी शेजारी उभी असते, म्हणून दोन्हींचे कापड एकाच डाय-लॉटमधले लागते. नमुना पाठवताना एकच तुकडा न पाठवता दोन लॉटचे दोन तुकडे पाठवावेत आणि लॉट नंबर चिठ्ठीवर लिहावा. खरेदीदार पहिला प्रश्न हाच विचारतो.