साक्ष कुणाची मानायची?

दिवाळीच्या फराळाबरोबर बर्फाची आणि उपासमारीची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणोत बापडे! चकली खाता खाता न्यायाची गोष्ट ऐकायला हरकत नसावी, आणि ही गोष्ट न्यायाची आहे. माझे भांडण चार्ल्स डिकन्सशी आहे. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढेच काय ते आमचे नाते. पण त्याची पुस्तके वाचूनच मला लिहिण्याची हौस लागली, तेव्हा ही तक्रार परक्याने करण्यापेक्षा मी केलेली बरी.

हकीकत अशी. १८४५ च्या मे महिन्यात सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन इंग्लंडहून निघाले. उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून, गोठलेल्या समुद्रातून पॅसिफिककडे जाणारी वाट त्यांना शोधायची होती. जहाजांवर वाफेची इंजिने होती, तीन वर्षांचा शिधा होता, ग्रंथालयसुद्धा होते. १२९ माणसे त्या बर्फात शिरली. परत एकही आला नाही.

नऊ वर्षांनी, १८५४ साली, हडसन बे कंपनीतल्या डॉ. जॉन रे यांना त्या प्रदेशातले इनुइट लोक भेटले. त्या काळी त्यांना एस्किमो म्हणत. त्यांनी सांगितले की, काही वर्षांपूर्वी सुमारे चाळीस गोरी माणसे होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसली होती. पुढे त्यांची प्रेते सापडली. आणि भुकेने वेड्या झालेल्या त्या माणसांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ल्याच्या खुणाही तिथे होत्या. त्यांच्याकडून रे यांनी चांदीचे चमचे, काटे आणि फ्रँकलिन यांचे पदक विकत घेतले आणि सारी हकीकत सरकारला कळवली.

ती वर्तमानपत्रांत छापून येताच लंडनमध्ये गहजब उडाला. त्याच डिसेंबरात डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहिला. इंग्रज खलाशी असे करणारच नाहीत. रानटी लोकांच्या बोलण्यावर भरवसा काय ठेवायचा. कोण जाणे, त्यांनीच आमच्या माणसांवर हल्ला केला नसेल कशावरून! असा त्याचा युक्तिवाद. पुरावा? काही नाही. इनुइटांच्या हातून आलेले चमचे सगळ्यांनी खरे मानले. त्याच लोकांच्या तोंडून आलेली हकीकत तेवढी खोटी!

डिकन्सची बाजू घेणारे म्हणतील, त्याला लेडी फ्रँकलिन यांच्या दुःखाची कणव आली. कणव मलाही येते. उपाशी मरताना त्या बिचाऱ्यांनी जे केले असेल त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या माणसाला नाही. पण एका घरचे अश्रू पुसण्यासाठी दुसऱ्याच्या अंगावर खुनाचा संशय का टाकावा? ज्यांना उत्तर द्यायला छापखाना नव्हता, त्यांच्यावर? आणि ‘तो काळच तसा होता’ ही पळवाट नको. रे त्याच काळातले होते. इनुइट माझे खोटे सांगणारे नव्हेत, असे त्यांनी डिकन्सच्याच साप्ताहिकात लिहून कळवले होते.

निकाल काय लागला तो पाहा. शोध लावल्याबद्दल रे आणि त्यांचे सोबती यांना दहा हजार पौंड मिळाले; पण ‘सर’ ही पदवी रे यांना कधीच मिळाली नाही. फ्रँकलिन यांचा मात्र १८६६ साली लंडनमध्ये पुतळा उभा राहिला आणि वाट शोधल्याचे श्रेय त्याच्यावर कोरले गेले. प्रत्यक्षात ती वाट जहाजाने पहिल्यांदा पार केली नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनने, १९०३ ते १९०६ मध्ये. आणि तो गेला तो रे यांनीच शोधलेल्या सामुद्रधुनीतून. वाटेत दोन हिवाळे तो इनुइटांच्या शेजारी राहिला आणि त्या थंडीत कपडे कसे घालावेत, प्रवास कसा करावा, हे त्यांच्याकडून शिकला. १९११ साली तो दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला, त्यात या शिकवणीचा वाटा मोठा होता.

आणि ती ‘रानटी’ साक्ष? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्रँकलिन यांच्या माणसांच्या हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्या. २०२४ साली तशीच खूण असलेले जबड्याचे हाड ‘एरेबस’चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचे असल्याचे सिद्ध झाले. ‘एरेबस’ २०१४ साली सापडले, ते इनुइटांच्या आज्या-पणज्यांनी जिथे जहाज बुडाल्याचे सांगितले होते त्याच भागात. २०१६ साली ‘टेरर’ सापडले, तेही सॅमी कोग्विक या इनुइट माणसाने वाट दाखवल्यावर. दीडशेहून अधिक वर्षे जे लोक खरे सांगत होते, त्यांना खरे ठरायला हाडे आणि बुडालेली जहाजे वर यावी लागली.

आम्ही लेखणी चालवणारे लोक भाषेच्या बळावर खोट्याचे खरे करून दाखवतो आणि वाचक टाळ्या देतात. डिकन्सची लेखणी माझ्याहून हजार पटींनी समर्थ होती, म्हणून तिचा अन्यायही तेवढाच मोठा. त्याच्या कादंबऱ्या मी मुलांना वाचायला सांगतो, पुढेही सांगेन. पण ध्रुवप्रदेशाचा धडा आला की फ्रँकलिन यांच्या आधी इनुइटांचे नाव फळ्यावर लिहितो. तिथे राहणाऱ्या माणसाला तिथले अधिक कळते, हे मुलांना चटकन पटते. मोठ्यांनाच ते समजावून सांगावे लागते.