करून पाहू या : वाटाण्याचं रोप आणि खराट्याच्या काड्या

बालमित्रांनो, दादर पूर्वेच्या दादासाहेब फाळके मार्गावरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हेही ठाऊक असेल. पण त्याआधी १९१२ साली त्यांनी एक चिमुकला चित्रपट केला होता. त्याचा नायक कोण? कुंडीतला वाटाणा!

फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणला होता. चित्रपट काढायला पैसा हवा, पण आधी काही करून दाखवल्याशिवाय तो कोण देणार? मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळानं त्याचं एकेक चित्र घेतलं. या एकेका चित्राला म्हणतात फ्रेम. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वाढला, रोप डोलू लागलं!

आता वही-पेन्सिल घ्या. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ फ्रेम सरकत. रोज एकच फ्रेम घेतली, तर महिन्यात ३०. म्हणजे सगळा खेळ दोन सेकंदांच्या आत खलास! दिवसाउजेडी तासाला एक, अशा रोज ८ घेतल्या तर? ८ × ३० = २४०. भागिले १६, म्हणजे १५ सेकंद. हेच गणित आधी करावं लागतं. कारण रोप एकदा वाढलं की पुन्हा लहान होत नाही.

१९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाच्या चित्रपटात काड्यांनाही नाचवलं. आपण आगपेटीच्या वाटेला मुळीच जायचं नाही हं! खराट्याच्या काड्यांचे तुकडे घ्या. आईचा किंवा बाबांचा मोबाइल पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवा. काडी जराशी सरकवा, हात बाजूला घ्या, फोटो काढा. पुन्हा सरकवा, पुन्हा फोटो. असे २४ फोटो काढून चित्रं हलवणाऱ्या ॲपमध्ये घाला. सेकंदाला १२ फ्रेम ठेवल्या तर काडी दोन सेकंद चालेल. ६ ठेवल्या तर चार सेकंद, पण धक्के खात.

इथेच गंमत आहे. काडी संथ चालायला हवी असेल तर फ्रेमचा आकडा कमी करू नका, काडी थोडी थोडी सरकवा आणि फोटो वाढवा. धावायला हवी असेल तर मोठी उडी घ्या. दमून थांबायला हवी असेल तर शेवटचा फोटो १२ वेळा लावा, ती बरोबर एक सेकंद उभी राहील. कार्टूनवालेसुद्धा पुष्कळदा हेच करतात. सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण ते एकच चित्र दोन-दोन फ्रेमना वापरतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत काम भागतं.

वेग नंतर बदलता येतो, पण न काढलेला फोटो नंतर मिळत नाही. म्हणून आधी गणित, मग मोबाइल!

पालकांनो, या रविवारी मोबाइल तासभर मुलांना द्याच. ती त्यात डोकं खुपसून बसणार नाहीत, काड्या सरकवत बसतील. आणि मुलांनो, घरात मूग भिजत घातलेले असतील, तर पुढचा नायक तयार आहे. मोड यायला दोन दिवस लागतात. ते १० सेकंदांत दाखवायचे, सेकंदाला १२ फ्रेम. तर किती मिनिटांनी एक फोटो काढाल? करा बरं गणित!