मीटरचा दिवा का लुकलुकतो?

दोस्तांनो, विजेचं बिल आलं की घरात काय होतं? ‘मागच्या महिन्यापेक्षा जास्त कसं?’ असं कुणीतरी विचारतं आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. ‘पंखा चालू ठेवून खेळायला जातोस ना, म्हणून!’ आज आपण खरा चोर शोधू या. साहित्य फार नाही. वही, पेन्सिल आणि सेकंदकाट्याचं घड्याळ.

आधी युनिट समजून घेऊ. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट वीज लागते. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. जुना ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास जळला तर ९ युनिट, आणि ९ वॉटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटसुद्धा नाही!

आता मीटरकडे चला. तुमच्या आजोबांच्या वेळी मीटरमध्ये एक चकती गरगर फिरायची. आताच्या मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट झालं. (मीटरला हात लावायचा नाही हं, फक्त बघायचं.)

घरातल्या मोठ्यांना विचारून दिवे, पंखे बंद करा. फ्रिजही १० मिनिटं बंद ठेवा, त्याचं दार मात्र उघडू नका. टीव्ही नेहमीसारखा रिमोटनेच बंद करा. काही चालू नाही ना? मग दिवा थांबायला हवा. पण बघा, तो लुकलुकतोच आहे!

समजा, १० मिनिटांत तो १६ वेळा लुकलुकला. तासाला ९६ वेळा. ९६ भागिले ३२०० म्हणजे ०.०३ युनिट. एवढंसं? पण हे दिवसरात्र चालू असतं. २४ तासांनी आणि ३० दिवसांनी गुणा : २१.६ युनिट! आता एकेक प्लग काढत जा आणि दिवा कधी मंदावतो ते पाहा. सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, इन्व्हर्टर... माझा संशय सगळ्यात आधी सेट-टॉप बॉक्सवर. टीव्ही झोपला तरी तो बहुधा जागाच असतो.

२१ युनिट वाचवून काय होणार, असं बाबा म्हणतील. त्यांना बिल उलटून दाखवा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा बराच जास्त. शंभरी ओलांडली की सगळंच बिल महाग होतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, महाग होतात ते फक्त वरचे युनिट. म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी या महागड्या ढिगातून कमी होतं! ज्या घरात ११५ युनिट लागतात, तिथे हे २१ गेले की महाग युनिट एकही उरत नाही. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्याला इलाज नाही.

जाता जाता एक कोडं. २००० वॉटचा गीझर रोज १५ मिनिटं लावला आणि २० वॉटचं एक उपकरण दिवसरात्र प्लगला राहिलं, तर ३० दिवसांत जास्त वीज कोण खाईल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच गुणाकार करा. उत्तर पुढच्या अंकात.